देवाम्होरचं पाकीट

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार

आधीच माफी मागून ठेवतो. माझं शुद्धलेखन कच्चं हाय आणि टायपिंग गोगलगायीचं. ही एवढी ओळ हाणायला बारा मिनिटं लागली, भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. कुणाची माफी मागतोय त्ये बी सांगता यायचं न्हाय, कारण हे कागद कुणाला दावायचं न्हाईत. पण चुका बघून मलाच कसंतरी हुतंय.

क्लास शाहूपुरीत, सायकल दुकानाच्या वर हाय. जिना अरुंद. एक माणूस उतराय लागला की दुसऱ्यानं खाली थांबायचं. सात मशीनं. माझं शेवटचं, खिडकीजवळचं. मास्तर म्हणालं, "धडा संपला की राहिलेल्या वेळात मनाला येईल त्ये टाइप कर. बोटं वळली पाहिजेत." मनाला येईल त्ये बोलाय मला कवाच जमलं न्हाय. टाइप कराय जमतंय का बघतो.

मी हंबीरराव आकाराम, वय अठरा, गाव कोडोली. नववीत शाळा सोडली. आण्णा, म्हंजे माझं वडील, गुळव्या हायत. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस उकळत असतो, त्यो कवा उतरायचा त्ये आण्णा सांगत्यात. वाईच आधी उतरला तर गूळ बसत न्हाय, वाईच उशीर झाला तर करपतो. आण्णा "आला" म्हणालं की आठ माणसं काहील उचलत्यात. मी त्यांच्या शेजारी हुबा असतो.

गेल्या हंगामाच्या शेवटाला पुण्याच्या संस्थेचं देवस्थळी साहेब गुऱ्हाळावर आलतं. त्यांची संस्था हुन्नर येणारी माणसं परदेशात धाडती. दोन वर्सं, तिथल्या लोकास्नी शिकवायचं, पगार न्हाय, जेवणखाण आणि हातखर्ची. स्वयंसेवक म्हणत्यात. (हा शब्द तिसऱ्यांदा जमला.) साहेबांनी आण्णास्नीच इचारलं हुतं. आण्णा म्हणालं, "माझं सोडा. ह्येला न्या. हितं काय ठेवलंय त्येचं?"

सगळी माझ्याकडं बघाय लागली. मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली त्ये माझं मला ठावं न्हाय. साहेबांनी व्हय धरलं.

म्हैन्याचा अहवाल टाइप करून पाठवावा लागतो म्हणून ह्यो क्लास. आक्काकडं ऱ्हातो. आक्का माझी मोठी भन, तिचं मालक म्हंजे आमचं दाजी, हितल्याच गुळाच्या अडतीत तोलाईला हायत.

२३ नोव्हेंबर

आज बोटं चांगली चालत्यात. म्हणून एक जुनं टाइप करतो.

गेल्या शिमग्याला बाळासोंच्या गुऱ्हाळावर एक आधण, म्हंजे काहीलभर रस, बिघडलं. आण्णा हल्ली मला इचारत असत्यात, "रंग सांग." मला वाटतं परीक्षा घेत्यात. त्या दिवशी बी इचारलं. मी म्हणालो, "अजून न्हाय, आण्णा." मला पक्कं दिसत हुतं, फेस पांढरा हुता. पण आण्णांनी "आला" म्हणून हाळी दिली आणि काहील उतरली. गूळ बसलाच न्हाय. गूळ ओतायच्या वाफ्यात लगदा.

बाळासो लई खवळलं. "आकाराम, तीस वर्सांत असं झालं न्हवतं!" आण्णा म्हणालं, "पोरानं रंग चुकवला."

बाळासो म्हणालं, "नाव हंबीरराव, आणि आवाज चिमणीचा. आवाज काढ की रं!" सगळी हसली.

माझंच चुकलं आसंल. मी हळूच बोलतो. चरकाच्या आवाजात आण्णास्नी "न्हाय" ऐकू गेलं नसंल. तेव्हापासनं आण्णा माझ्याकडं नीट बघत न्हाईत. बघितलं तरी कानाच्या मागं कुठंतरी बघत्यात. मला लांब धाडायची घाई त्याचसाठनं आसंल.

१४ डिसेंबर, शनिवार

परवा पुण्याला मुलाखत झाली. दाजी संगं आलतं. एका टेबलापलीकडं चार माणसं. एका बाईंनी इचारलं, "तुम्हाला परदेशात जाऊन काय द्यायचं आहे?" मी गप. "घरची आठवण आली तर?" मी गप. मग देवस्थळी साहेबांनी पेल्यात पाणी आणि बशीत काकवी ठेवली आणि म्हणालं, "हंबीरराव, ही अजून किती आटवायची?" मी बोट बुडवलं, पाण्यात थेंब सोडला, चोळला. म्हणालो, "पाव तास. पण जाळ कमी." चौघं बी लिहाय लागली.

तीन देश सांगितलं. मॉरिशस, टांझानिया, झांबिया. कुठं पडंल त्ये पत्रानं कळवणार. मास्तरांकडं शाळेचा जुना नकाशा हाय. मॉरिशस बघितलं, समुद्रात माशीनं घाण केल्यावाणी एक ठिपका. पण मास्तर म्हणालं तिथं ऊस हाय आणि मराठी माणसं बी हायत, पिढ्यानपिढ्या. म्हंजे बोलावं लागलं तरी मराठीत. मॉरिशसच पडू दे. ज्योतिबाला नारळ बोललोय.

दाजी येताना गाडीत म्हणालं, "पावणं, दोन वर्सं तिकडं मुकंच ऱ्हाणार का? तिथल्या बायका तुला गूळ समजून खातील." आणि आपणच हसलं.

२९ डिसेंबर, रविवार (दुसऱ्या दिवशी टाइप केलं)

काल गावाकडं गेलतो. आईनं घराच्या दारापासनं गोठ्यापर्यंत दोरी बांधल्या, छातीएवढ्या उंचीवर. मी इचारलं कशाला. म्हणाली, "वाळणं घालाय." कापडं मात्र जुन्याच तारंवर वाळत हुती.

आण्णा जेवताना आई भाकरी त्यांच्या हातात देती, कालवणाची वाटी त्यांच्या बोटाला टेकवती. ह्या वयात आई आण्णांचं लई कराय लागल्या. पहिलं असं न्हवतं. ताट सारायची आणि निघून जायची.

आण्णास्नी मॉरिशसचं सांगावं म्हणून दोनदा तोंड उघडलं. आण्णाच म्हणालं, "पत्र आलं का?" मी म्हणालो न्हाय. म्हणालं, "लौकर आलं म्हंजे बरं. पाडव्याच्या आत तू गेलास म्हंजे बरं."

एवढा का मी नकोसा झालोय? काय कळत न्हाय. बस सुटल्याव मागं बघितलं तर आण्णा हात हलवत हुतं, पण बस उजवीकडं वळल्याव बी त्ये डावीकडंच हात हलवत हुतं.

१३ जानेवारी १९७५

पत्र न्हाय. स्पीड मिनिटाला अकरा शब्द.

२८ जानेवारी, मंगळवार

पत्र आलं!!

गावाकडं आलंय. आमच्या गल्लीतला माणूस गूळ घिऊन अडतीला आलता, त्येनं दाजीस्नी सांगितलं. जाड पाकीट, पुण्याचा शिक्का. पण उघडलं न्हाय. पोस्टमन म्हणाला म्हणं, "आण्णा, फोडा की, कुठला देश त्ये वाचून दावा, गावाला कळू दे." आण्णांनी पाकीट हातात घेतलं, फिरवलं, आणि म्हणालं, "आधी ज्योतिबाला. रविवारी डोंगरावर न्यायचं, देवाच्या पायाला लावायचं, मग फोडायचं. पोरगं समुद्रापल्याड चाललंय, चेष्टा हाय व्हय?" आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. मला रविवारी सकाळी बोलावलंय.

सगळ्या गावाला ह्ये पटलं म्हणं. मला बी पटलंय. पण पाच दिवस!

२९ जानेवारी, बुधवार

मास्तरास्नी सांगितलं. मास्तर चष्मा काढून बघतच बसलं. "अरे, पत्रात तारीख असती! अमक्या दिवसाच्या आत कळवा म्हणून. देव काय उद्या पळून जातोय? उद्याच्या उद्या जा आणि फोड."

मी म्हणालो, "आण्णा..."

"आण्णास्नी सांग, मास्तरांनी सांगितलंय."

ह्ये सांगणं त्यास्नी किती सोपं वाटलं.

रात्रभर मॉरिशस, टांझानिया, झांबिया असं मनात म्हणत हुतो. पाकिटात एक नाव हाय आणि त्ये आमच्या देव्हाऱ्यात, घंटीच्या शेजारी, माझ्याबिगर पडलंय.

३० जानेवारी, गुरुवार

आज गेलतो. दुपारच्या बशीनं गेलो आणि सांजंच्या बशीनं परत आलो. आता क्लास बंद व्हायला अर्धा तास हाय, भराभरा हाणतोय.

आई शेतात गेलती. आण्णा दारात, उंबऱ्यावर बसलेलं, ऊन तोंडावर. मी म्होरं जाऊन हुबा ऱ्हायलो. दोन हातांवर. आण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि बोललं न्हाईत. मी न सांगता आलो म्हणून राग आसंल असं वाटलं. मी बी काय बोललो न्हाय. बाजूनं आत गेलो. पाकीट उचललं. त्याच्यावर कुंकू सांडलं हुतं. वरचा कोपरा वाईच सुटलेला, नुसतं बोट घातलं असतं तरी उघडलं असतं.

घंटीला धक्का लागला.

आण्णा दारातनंच म्हणालं, "कोण त्ये? कोण हाय आत?"

आत्ताच माझ्याकडं एवढं बघितलं आणि आता कोण म्हणून इचारत्यात! म्हंजे मला वळख द्यायची न्हाय. मी हाय म्हणायचं, दोन शब्द. म्हणता आलं न्हाय. पाकीट परत ठेवलं. आण्णा भिंतीला हात लावत उठलं, "कोण हाय म्हणतोय न्हवं! चोर हाईस का?" मी परसातल्या दारानं निघून आलो.

मास्तरास्नी सांगितलं की घरात कोण न्हवतं, कुलूप हुतं. मास्तरास्नी खोटं पहिल्यांदा बोललो.

३१ जानेवारी

काय न्हाय. आक्का म्हणाली, गावात चोर आलता म्हणं आमच्या घरात, आण्णांनी हाकलला.

३ फेब्रुवारी, सोमवार

सगळं नीट टाइप करतो. मास्तर आज मशीन मोकळं ठेवत्यात माझ्यासाठनं.

काल सकाळी मी, आई, आण्णा ज्योतिबाला गेलो. गर्दी लई. आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "गर्दीत चुकामूक नगं." पायरी आली की पाय वाईच पुढं घालून चाचपत हुतं. माझ्या खांद्याला त्यांची बोटं रुतली हुती. लहानपणापासनं एवढा वेळ आण्णांनी मला हात लावल्याचं आठवत न्हाय. मी सावकाश चाललो. संपू नये असं वाटत हुतं.

पुजाऱ्यानं पाकीट पायाला लावून दिलं, वर गुलाल टाकला. "चांगभलं!" भायेर दीपमाळंच्या बाजूला बसलो. ओळखीची पाच-सहा माणसं जमली. एकजण म्हणाला, "फोडा आण्णा, वाचा." आण्णांनी पाकीट माझ्या छातीला लावलं. "त्येचं त्यो वाचंल. मोठ्यानं. सगळ्यास्नी ऐकू जाऊ दे."

मी वाचलं. आवाज पहिल्यांदा फुटंना. आण्णा म्हणालं, "मोठ्यानं, हंबीर." मग वाचलं, कसं वाचलं ठावं न्हाय.

"आपली नेमणूक झांबिया देशातील कालुंडू या गावी करण्यात आली आहे."

मॉरिशस न्हाय. झांबिया. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. माणसं झांबिया झांबिया म्हणाय लागली. मी पुढं वाचत गेलो. तिथं सहकारी शेती हाय, ऊस लावलाय, गूळ कराय कुणाला येत न्हाय. चाळीस घरं. नदी हाय. आणि मग, "आपली संमती शुक्रवार, ३१ जानेवारीपर्यंत तारेने कळवावी. न कळवल्यास जागा दुसऱ्या उमेदवारास दिली जाईल."

गुलाल वाऱ्यानं माझ्या बोटावरनं कागदावर पडत हुता.

आण्णा म्हणालं, "आज काय तारीख?"

आई म्हणाली, "दोन."

आण्णा म्हणालं, "परत वाच." मी परत वाचलं. "तारीख परत वाच." वाचली. मग त्यांनी हात पुढं केला, मी पत्र दिलं. त्यांनी त्ये उघडलं न्हाय. घडीवरनं नुसता अंगठा फिरवत बसलं, जसं गूळ बसलाय का त्ये ढेपंवरनं बघत्यात तसं.

उतरताना आई हळूच त्यास्नी म्हणाली, "पोस्टमनालाच वाचाय सांगितलं असतं तर?" आण्णा म्हणालं, "गप बस." पण खवळून न्हाय म्हणालं.

आज मास्तरांनी तरी बी संमतीची तार केली. पैसे घेतलं न्हाईत.

गुरुवारी कोपरा सुटलेला हुता. माझं बोट तिथंच हुतं. ह्ये मी कुणाला सांगणार न्हाय. तारंला एक दिवस हुता हातात.

१० फेब्रुवारी, सोमवार

पुण्याचं उत्तर आलं. आक्काच्या पत्त्यावर आलं, मीच फोडलं, लगेच.

जागा दुसऱ्याला दिली. आजऱ्याकडचा कोणतरी हाय, शेतकी शाळा शिकलेला. माझं नाव पुढच्या साली ध्यानात ठेवतो म्हणत्यात. खाली देवस्थळी साहेबांनी हातानं लिहिलंय, "त्याला पुस्तकी माहिती आहे, पण रस कधी उतरवावा ते कळत नाही. आपण ते टाइप करून पाठवाल का? साध्या शब्दांत. त्याला तिथे विचारायला कोणी नसेल."

आक्का म्हणाली, "एवढं बी त्यांचंच काम करायचं? न्हाय म्हणून कळीव." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुला वाईट वाटतंय का बरं वाटतंय, हंबीर? तोंडावरनं काय कळंना."

मला बी कळंना. जायची भीती वाटत हुती, आता न गेल्याची लाज वाटत्या. नकाशात झांबिया बघितलं. मॉरिशसपेक्षा लई मोठं हाय. कालुंडू नकाशात न्हाय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शनिवार-रविवार गावाकडं हुतो. आण्णा बाळासोंच्या गुऱ्हाळावर गेलं, मी बी गेलो.

बाळासो म्हणालं, "आलं का आफ्रिकेचं पावणं? गेलास कवा, आलास कवा!" जाळ घालणाऱ्या जाळव्यापासनं सगळी हसली. आण्णा हसलं न्हाईत. म्हणालं, "चूक माझी हाय. पाकीट मी ठेवलं." बाळासो जाळाकडं वळलं. चारचौघांत 'चूक माझी' असं आण्णा कवा बोललं न्हवतं.

रस तापला, मळी काढली, फेस चढला. आण्णा म्हणालं, "रंग सांग." मी त्यांच्याकडं बघितलं. त्ये काहिलीकडं बघत न्हवतं. तोंड वर, छपराकडं, मान तिरकी, कान खाली. वाफ सरळ डोळ्यांत जात हुती आणि पापणी हालत न्हवती. मग त्यांनी फावड्यासाठनं हात लांब केला, त्यो फावड्याकडं न जाता काहिलीच्या काठाकडं गेला. मी फावडं त्यांच्या हातात दिलं. दुसरं कुणी बघितलं न्हाय.

सांजंला आईला इचारलं, "वाळणं घालत न्हाईस तर दोरी कशाला?"

आई चुलीत लाकूड सारत बसली. मग म्हणाली, "दोन वर्सं झाली. तुला कळायच्या आत तू लांब जावास म्हणून तडफड चाललीती त्यांची. म्हणत हुतं, ह्येला कळलं की ह्यो माझ्या काहिलीला बांधला जाणार." आणि पदर तोंडाला लावला.

पुढं काय टाइप करत न्हाय आज.

२० फेब्रुवारी, गुरुवार

क्लासचा शेवटचा दिवस. मास्तर म्हणालं परीक्षा तरी दे, स्पीड सतरा झालाय. पण उद्यापासनं मी गुऱ्हाळावर आण्णांच्या शेजारी. बाळासोस्नी सांगितलंय, मीच सांगितलं, तोंडानं. आण्णास्नी सांगितलं तवा त्ये फकस्त म्हणालं, "म्हंजे कळलं तुला," आणि भिंतीकडं तोंड करून झोपलं. दोन दिवस बोलत न्हाईत. त्यांचं एवढं एकच मागणं हुतं आणि त्ये मी बोट आखडून घालवलं.

आज साहेबांचं काम पुरं करतो. आजऱ्याच्या त्या माणसासाठनं. नक्कल हितं ठेवतो:

"दादा, फेस आधी पांढरा येतो, तवा उतरू नका. मग पिवळा येतो, तवा बी नगं. बुडबुडं जड झालं, सावकाश फुटाय लागलं की थेंब पाण्यात टाका. चिमटीत गोळी झाली पाहिजे. ती गोळी काहिलीच्या काठावर मारा. टण वाजली की आला. धुरानं, वाफंनं रंग दिसत न्हाय असं लई वेळा हुतं. डोळ्यावर इसंबू नका. वास करपायच्या आधी एक क्षण भाजलेल्या शेंगंवाणी गोड हुतो. रस खदखदायचा थांबून कुजबुजाय लागतो. मान तिरकी करून ऐका. माझं वडील असंच करत्यात. शेजारी कुणी रंग सांगणारा असंल तर त्येला मोठ्यानं बोलाय सांगा, आणि त्येचं ऐका. कालुंडूला माझा रामराम सांगा. हंबीरराव आकाराम, कोडोली."

बारीक चुका हायत, पण परत हाणाय कागद न्हाय. आता ह्ये पाकिटात घालतो आणि

खाली सायकल दुकानात नाग निघालाय. जिन्याच्या पायथ्यालाच, चांगला चार हात लांब, आणि पोस्टात जायला जिना ह्यो एकच. सगळी मशीनं तशीच टाकून खिडकीत गोळा झाल्यात, मास्तर खुर्चीवर हुबं हायत. खालनं कोणतरी वरडतंय, कुणी उतरू नका, कुणी उतरू नका.